तरफेचे जुने एस्प्रेसो यंत्र मुंबईच्या घरात पुन्हा चालू करताना

मुंबईकराची ‘एस्प्रेसो’शी पहिली ओळख बहुधा लग्नाच्या हॉलमध्ये होते. वाफेची फुसफुस, कपभर गोड दुधाचा फेस आणि वर भुरभुरवलेली कोकोची पूड. इटलीत ज्याला एस्प्रेसो म्हणतात त्याचे या पेयाशी नावापुरतेच नाते आहे. तिकडे बारीक दळलेली कॉफी दाबून बसवतात आणि तिच्यातून साधारण ९ बार दाबाने (म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे नऊपट) गरम पाणी पंचवीस-तीस सेकंदांत काढतात. मिलानच्या आकिले गाज्जा यांनी १९३८ मध्ये आपल्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि महायुद्धानंतर तरफेने दट्ट्या ओढण्याची यंत्रे कॅफेंमध्ये आली. त्याच शहरातल्या ला पावोनी कंपनीने १९६१ मध्ये ‘युरोपिकोला’ हे छोटे घरगुती यंत्र बाजारात आणले. या लेखातील सगळा अनुभव याच यंत्राचा आहे. यात पंप नाही, संगणकी भाग नाही. एक पितळी बॉयलर, त्यात पाणी तापवणारे एलिमेंट, पुढे कॉफीतून पाणी ढकलणारा एक ‘ग्रुप’ आणि त्यात हाताने वर-खाली होणारा दट्ट्या, एवढाच सगळा संसार.

मी पेशाने हिशेबनीस आहे, फिटर नाही. चोर बाजारातल्या एका दुकानातून ‘चालू आहे’ या शब्दावर घेतलेले यंत्र पुन्हा कॉफी देऊ लागेपर्यंत मला आठ महिने लागले, आणि त्यातले निदान पाच माझ्याच घाईमुळे वाया गेले. कामाचा क्रम बरोबर ठेवला असता तर हेच काम सहा-सात रविवारांत झाले असते. तो क्रम असा: आधी वीज, मग पाणी, मग दाब, मग कॉफी, आणि सुधारणा अगदी शेवटी. चकचकीत क्रोम हा तर क्रमात धरायचाच विषय नव्हे.

१. विकत घेण्याआधी काय पाहावे

प्रथम बैठकीच्या खालची पाटी वाचा. तिच्यावर २२० व्होल्ट असेल तर यंत्र आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालते. ११० किंवा १२० व्होल्ट असेल तर ते अमेरिकेतून आलेले आहे, आणि ते थेट आपल्या प्लगला लावणे म्हणजे एलिमेंट जाळणे होय. व्होल्टेज दुप्पट झाले की वॅट चौपट होतात, त्यामुळे ११० व्होल्टचे १००० वॅटचे एलिमेंट आपल्याकडे सुमारे ४४०० वॅट ओढू पाहील. पाटी खरवडलेली किंवा गायब असेल तर यंत्र विजेला न जोडता, पण त्याचे बटण चालू स्थितीत ठेवून, मल्टिमीटरने प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. २२० व्होल्टच्या १००० वॅट एलिमेंटचा रोध सुमारे ४८ ओहम येतो, ११० व्होल्टच्या एलिमेंटचा सुमारे १२ ओहम. दुकानदार हसला तरी मीटर खिशातून काढायला लाजू नका.

दुसरे, बॉयलर पाहा. चेपलेला बॉयलर चालेल, चिरलेला चालणार नाही. पाणीपातळी दाखवणाऱ्या काचनळीच्या वरच्या-खालच्या जोडांभोवती आणि बैठकीला बॉयलर मिळतो त्या कडेला हिरवट कळंक चढलेला असेल, तर तिथून वर्षानुवर्षे पाणी झिरपत होते असे समजा. हा दोष दुरुस्त होतो, पण भाव पाडायला तो उपयोगी पडतो.

तिसरे, तरफ हळूच वर उचला आणि दट्ट्याच्या दांड्यावर बोट फिरवा. दांडा गुळगुळीत हवा. त्यावर खड्डे पडलेले असतील तर नवे सीलही (पाणी अडवणारे रबरी कडे) महिन्याभरात फाटेल. मग एकतर नवा दांडा मागवावा लागेल किंवा एखाद्या चांगल्या टर्नरकडून स्टेनलेस स्टीलचा करून घ्यावा लागेल.

चौथे, कॉफीच्या टोपलीचा व्यास व्हर्नियरने मोजा. २००० सालापूर्वीच्या यंत्रांत ४९ मिलिमीटरची टोपली बसते, नंतरच्या यंत्रांत ५१ मिलिमीटरची. सील, टोपली, दाबणी हे सगळे सुटे भाग यावर ठरतात. मी हे न मोजता ५१ चा संच मागवला होता. तो अजून कपाटात आहे.

यंत्र परदेशातून टपालाने मागवण्याच्या फंदात नवख्याने पडू नये. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर आपल्याकडे निर्बंध आहेत आणि पार्सल कस्टममध्ये अडकले की सोडवता सोडवता जीव मेटाकुटीला येतो. नवे सुटे भाग मात्र मागवता येतात. त्यासाठी पुढील कागद आधीच तयार ठेवा: विक्रेत्याचे बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, आणि भाग कशासाठी हवे आहेत हे सांगणारी एक साधी ओळ. टपालाने आलेले पार्सल अडकले तर त्याची चौकशी बॅलार्ड इस्टेटमधल्या विदेशी डाक कार्यालयात करावी लागते. दोन हजारांच्या सीलवर कस्टमचे शुल्क आणि हाताळणीचा खर्च चढतो, म्हणून चारदा थोडे थोडे न मागवता एकदाच सगळे मागवावे.

२. हत्यारे आणि साहित्य

- मल्टिमीटर, एका दिवसापुरता ५०० व्होल्टचा मेगर (वीज धातूत झिरपते का हे तपासणारा मीटर), ओळखीच्या वायरमनकडून
- चांगल्या प्रतीचे पान्हे आणि स्क्रू ड्रायव्हर (डोकी गुळगुळीत झालेले जुने नकोत)
- सर्क्लिप (पिना जागी धरणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) काढायची पक्कड, व्हर्नियर, लाकडी हातोडी
- गंज सैल करणारे स्प्रे तेल
- लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड, पाव किलो
- खाद्यपदार्थांना चालणारे सिलिकॉन ग्रीस
- टेफ्लॉन टेप, तापमान सोसणारी सिलिकॉन किंवा फायबरग्लासच्या आवरणाची वायर, १६ अँपिअरचा तीन पिनांचा प्लग
- सीलचा पूर्ण संच
- मोबाइलचा कॅमेरा आणि रिकामे इडलीपात्र

इडलीपात्र थट्टेने लिहिलेले नाही. प्रत्येक खणात एका जोडाचे स्क्रू, पिन आणि वॉशर ठेवले की परत बसवताना कुठला तुकडा कुठला, हा प्रश्नच उरत नाही.

हत्यारे आणि सपाट वॉशर-ओ-रिंग यांसाठी मशीद स्थानकाजवळची नागदेवी स्ट्रीट, वायर आणि प्लगसाठी लोहार चाळ, आणि पुढे सुधारणा करताना लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी लॅमिंग्टन रोड पुरेसा आहे. रविवारी यांतली बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे नोकरदाराने शनिवारची दुपार राखून ठेवावी. नागदेवीत तोंडी माप सांगू नका, जुना वॉशर सोबत न्या. ‘असाच द्या’ एवढे म्हटले की काम होते.

३. जुनी वायर आणि अर्थिंग

यंत्र हातात आले की पहिले काम म्हणजे ते प्लगला न लावणे. जुनी वायर तडकलेली असते, आणि बैठकीच्या आत कधी कधी कापडी किंवा पांढऱ्या तंतूंच्या आवरणाची वायर सापडते. काही जुन्या उपकरणांत असे आवरण ॲस्बेस्टसचे असे. ते कोरडे खरवडू नका, फुंकू नका. पाणी शिंपडून ओले करा, तोंडाला योग्य मास्क लावा, तुकडा न मोडता काढा आणि पिशवीत बंद करा.

नवी वायर तीन पदरी घ्या. हिरवी वायर बैठकीच्या धातूला स्क्रूने घट्ट बसवा आणि प्लगच्या अर्थ-पिनपासून बॉयलरपर्यंतचा रोध मोजा. तो जवळजवळ शून्य यायला हवा. हे यंत्र म्हणजे पाण्याने भरलेले, हाताने धरायचे धातूचे भांडे आहे, त्यामुळे इथे तडजोड नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींत आणि कित्येक पागडीच्या खोल्यांत भिंतीतल्या सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंग नसते. वायरमनकडून ते तपासून घ्या, आणि स्वयंपाकघरासाठी ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (वीज झिरपली की आपोआप बंद होणारा स्विच) बसवून घ्या. यंत्रापेक्षा हा खर्च आधी करावा.

४. एलिमेंट मेले की ओले झाले?

माझे सर्वांत जास्त नुकसान इथे होता होता वाचले, म्हणून याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

जुलै महिना होता. नवी वायर बसवली, बॉयलरमध्ये पाणी भरले आणि बटण दाबले. त्याच क्षणी घरातला आरसीसीबी तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने दोन मिनिटांत निकाल दिला की एलिमेंट शॉर्ट आहे, नवे टाका. नव्याची किंमत यंत्राच्या किमतीच्या निम्मी होती. मी मागणी नोंदवायला बसलो असताना शेजारचे काका आले. गिरणीत त्यांची हयात वायरमन म्हणून गेली आहे. त्यांनी मीटर लावून पाहिले आणि म्हणाले, “एलिमेंट मेलेलं नाही, ओलं झालंय. भाजून काढ.”

त्याचे कारण असे. एलिमेंटच्या धातूच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण हवेतला दमटपणा शोषून घेते. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या यंत्रात, आणि त्यातही मुंबईच्या पावसाळ्यात, नळीच्या टोकांचे सील जुने झाले की ओल आत जाते आणि वीज तारेतून नळीच्या धातूत झिरपू लागते. आरसीसीबी नेमका हाच झिरपा पकडतो. त्यामुळे आरसीसीबी तुटला की एलिमेंट गेलेच, असे समजू नये.

तपासण्याची रीत: एलिमेंटच्या दोन टोकांमधला रोध आधी सांगितल्याप्रमाणे ४८ ओहमच्या आसपास असेल तर आतली तार शाबूत आहे. मीटर ‘अनंत’ दाखवत असेल तर तार तुटलेली आहे, आणि मग नवे एलिमेंट घेण्यावाचून इलाज नाही. तार शाबूत असेल तर मेगरचे एक टोक एलिमेंटच्या टोकाला आणि दुसरे नळीच्या धातूला लावा. किमान एक मेगाओहम हवा, जितका जास्त तितके चांगले. साधा मल्टिमीटर इथे पुरत नाही, कारण त्याची बॅटरी काही व्होल्टांचीच असते आणि तेवढ्यावर झिरपा नेहमी दिसत नाही. काकांच्या मेगरवर माझ्या एलिमेंटने एक दशांश मेगाओहमसुद्धा दाखवला नाही.

उपाय असा की एलिमेंट बॉयलरमधून काढा, त्यावरचे सर्व रबरी भाग काढून ठेवा आणि घरच्या ओटीजीमध्ये १२० अंशांवर तीन तास ठेवा. गॅसच्या ज्योतीवर धरू नका. मी तीन तासांनी दार उघडले तेव्हा स्वयंपाकघरभर तापलेल्या लोखंडी तव्यासारखा वास पसरला होता आणि घरच्यांनी त्या ओटीजीत पुन्हा नानकटाई भाजायला ठाम नकार दिला. थंड झाल्यावर मेगरचा काटा वीस मेगाओहमच्या पुढे गेला. तेच एलिमेंट आजही चालू आहे. भाजून झाल्यावर टोकांना उष्णता सोसणारे सिलिकॉन सीलंट पातळ लावले की ओल लवकर परत शिरत नाही.

एलिमेंट सोडवताना बॉयलर पोटाशी आवळून जोर लावू नका. मोठ्या नटाला नीट बसणारा पान्हा घ्या, तेल मारून रात्रभर थांबा, आणि बॉयलर लाकडाच्या दोन ठोकळ्यांत कापड गुंडाळून धरा. छिन्नी-हातोडीने नट फिरवणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

५. क्षार आणि कळंक

महापालिकेचे पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा जलाशयांतून येते आणि ते मऊ असते, त्यामुळे फक्त तेच वापरलेल्या यंत्रात क्षारांचा थर पातळ असतो. टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी पाहिलेल्या यंत्रात मात्र एलिमेंटवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर चढतो. एक लिटर कोमट पाण्यात वीस ते पंचवीस ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवा आणि बॉयलर अर्धा ते पाऊण तास भरून ठेवा. बुडबुडे थांबले की ओता, साध्या पाण्याने चार वेळा धुवा, गरज पडली तर पुन्हा करा. रात्रभर भिजत ठेवण्याचा मोह टाळा. आम्लात जास्त वेळ राहिल्यास पितळेतले जस्त निघून जाते, पृष्ठभाग गुलाबीसर होतो आणि धातू आतून ठिसूळ होत जातो. असा गुलाबी पट्टा आटे असलेल्या जागी दिसला तर तो भाग बदलावा.

‘आतून कल्हई करून घ्या ना’ असा सल्ला मला दोघांनी दिला. पितळेच्या पातेल्यात आमटी किंवा ताक कळकते म्हणून कल्हई लागते, कारण त्यांत आंबटपणा असतो. बॉयलरमध्ये साधे पाणी असते आणि तेही रोज बदलायचे असते. शिवाय कथील २३२ अंशांना वितळते, आणि एखाद्या दिवशी बॉयलर कोरडा तापला तर ते वितळून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसेल. कल्हई नको.

एक खबरदारी मात्र घ्या. कातकाम सोपे जावे म्हणून पितळेत थोडे शिसे घालण्याची जुनी रीत आहे. म्हणून बॉयलरमध्ये रात्रभर राहिलेले पाणी कधीही पिण्यासाठी वापरू नका, आणि दुरुस्तीनंतरचे पहिले दोन बॉयलर पाणी ओतून द्या.

बाहेरच्या क्रोमला चिंच, राख, तारेची घासणी यांपैकी काहीही लावू नये. मऊ फडके आणि भांड्यांचा साबण पुरे. क्रोम उडाले असेल तर कुर्ला-साकीनाका भागातल्या गाळ्यांत नव्याने मुलामा देऊन मिळतो, पण त्यासाठी आधीचा थर घासून काढतात आणि त्यात आट्यांचे आणि सीलच्या जागांचे माप बिघडू शकते. माझे मत विचाराल तर पितळ दिसू लागलेला बॉयलर तसाच राहू द्यावा.

६. दट्ट्या आणि सील

तरफेच्या दोन पिनांवरच्या सर्क्लिप काढा. त्या उडतात आणि फ्रीजखाली जातात, म्हणून यंत्र मोठ्या परातीत ठेवून काम करा. पिना काढल्यावर तरफ सुटते. ग्रुपच्या खालून आधी रबरी गॅस्केट आणि त्यासोबत जाळी काढा. गॅस्केट दगडासारखे झालेले असते, त्यात एक छोटा लाकडी स्क्रू घालून तो पकडीने ओढला की ते बाहेर येते. मग दांड्याच्या वरच्या टोकाची दोन फाट्यांची चौकट आटे फिरवून काढा आणि दट्ट्या खालून बाहेर घ्या. प्रत्येक पायरीला फोटो काढा.

दट्ट्यावर दोन सील असतात आणि त्यांची दिशा हीच नवख्यांची सर्वांत मोठी फसगत आहे. सील कपासारखे असते आणि कपाचे तोंड दाबाकडे हवे, म्हणजे दाब वाढेल तशी त्याची ओठासारखी कड भिंतीला अधिक चिकटते. खालच्या सीलला कॉफीवरचा दाब अडवायचा असतो, म्हणून त्याचे तोंड खाली. वरच्याला बॉयलरकडून आलेले पाणी अडवायचे असते, म्हणून त्याचे तोंड वर. दोन्ही एकाच दिशेला बसवली तर यंत्र चालते, पण कुठून तरी कायम गळत राहते. मी हे दोनदा केले.

नागदेवीत हायड्रॉलिक सिलिंडरची सील मिळतात, माप जुळते आणि किंमत दहावा हिस्सा असते. तरीही ती घेऊ नका. ती बहुधा पॉलियुरेथेनची किंवा तेलासाठीच्या नायट्राइलची असतात. पॉलियुरेथेन सततच्या गरम पाण्यात चिकट होऊन विघटते आणि तेलाचे नायट्राइल कॉफीला टायरचा वास देते. दट्ट्याची दोन सील, दांड्याचे सील आणि ग्रुपचे गॅस्केट एवढ्या वस्तू यंत्राच्या मूळ संचातल्याच घ्या. बॉयलरच्या टोपणाचा वॉशर, काचनळीचे वॉशर, वाफेच्या नळीची ओ-रिंग हे सिलिकॉन किंवा ईपीडीएमचे (गरम पाणी सोसणारे रबर) इथेच घ्यावे. ईपीडीएमला पेट्रोलियमचे ग्रीस लागले की ते फुगते, म्हणून सगळीकडे फक्त सिलिकॉन ग्रीस, आणि तेही बोटावर दिसेल न दिसेल इतकेच.

आट्यांच्या जोडांवर टेफ्लॉन टेप लावा. प्लंबरची सुतळी आणि सफेदा इथे अजिबात नको. जुन्या पद्धतीच्या सफेद्यात शिसे असे, आणि हे पाणी आपण पिणार आहोत. भेगेवर एपॉक्सी लिंपण्याचाही विचार मनातून काढून टाका.

काचनळीचे नट हाताने घट्ट करून वर पान्ह्याने पाव फेरा, बस. मी अर्धा फेरा दिला आणि काच टिचली. तो आवाज अगदी लहान असतो, दिवाळीच्या पणतीला थंड पाणी लागावे तसा. प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूला प्रयोगशाळेचे साहित्य विकणारी दुकाने आहेत, तिथे बोरोसिलिकेट काचेची नळी त्याच व्यासाची कापून मिळाली. कापलेली टोके ज्योतीवर गोल करून घ्या, नाहीतर ती वॉशर कापतात.

७. थंड दाबाची परीक्षा

ही पायरी लोक गाळतात. वाफेने भरलेला बॉयलर फुटला तर तुकडे उडतात. थंड पाण्याने काठोकाठ भरलेला बॉयलर गळला तर फक्त पाणी सांडते, कारण पाणी दाबले तरी जवळजवळ आकसत नाही आणि त्यात ऊर्जा साठत नाही. प्लंबरकडे पाइपलाइन तपासायचा हातपंप असतो. तो वाफेच्या नळीच्या जोडाला लावून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी तात्पुरते बूच बसवा, आत हवेचा बुडबुडाही न ठेवता पाणी भरा आणि दाब २ बारपर्यंत न्या. नेहमीच्या वापरात तो एक बारच्याही खाली असतो. दहा मिनिटे पंपाच्या मापकाचा काटा हलला नाही पाहिजे. नंतर बूच काढून सेफ्टी व्हॉल्व्ह परत बसवायला विसरू नका. त्याआधी त्याची स्प्रिंग आणि गोळी साफ करा. स्प्रिंग गंजलेली असेल तर व्हॉल्व्ह नवाच घ्या. यंत्रातला हा एकच भाग असा आहे जिथे मी ‘जुने ते सोने’ मानत नाही.

८. पहिल्यांदा तापवणे

काचनळीच्या वरच्या खुणेपर्यंत पाणी भरा, टोपण घट्ट लावा आणि यंत्र चालू करा. पाणी काचेच्या तळाशी आले की लगेच बंद करायचे, कारण एलिमेंट उघडे पडले की काही मिनिटांत जळते.

यंत्राला दाबमापक असेल (नसेल तर तो कसा बसवायचा ते पुढच्या भागात येते), तर त्याचा काटा पहिल्यांदा वर चढतो तो खोटा दाब असतो. आत अडकलेली हवा तापून फुगते आणि पाणी पुरेसे तापण्याआधीच मापक ०.८ बार दाखवतो. वाफेची तोटी उघडून हवा जाऊ द्या, शुद्ध वाफ सुटू लागली की बंद करा. त्यानंतर दाबाचा आकडा तापमानाशी जुळतो: ०.५ बारला सुमारे १११ अंश, ०.८ ला सुमारे ११७, १ बारला सुमारे १२० अंश.

टोपण कधीही दाब असताना उघडू नका. आधी वीज बंद, मग वाफेची तोटी उघडून आवाज पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा, मग फडके धरून टोपण एक-एक आटा सैल करा.

९. सुधारणा: एका वेळी एकच

यंत्र जसे होते तसे महिनाभर वापरल्याशिवाय त्यात काही बदलू नये. कुठला दोष यंत्राचा आणि कुठला आपल्या हाताचा, हे तोवर कळत नाही.

पहिली आणि सर्वांत उपयुक्त सुधारणा म्हणजे काचनळीच्या वरच्या जोडावर छोटा दाबमापक, ० ते २.५ किंवा ३ बारचा. जोडाचे आटे टर्नरकडून जुळवून घ्या.

दुसरी सुधारणा तापमानाची. सुरुवातीच्या युरोपिकोलांमध्ये दाबनियंत्रक नसतो, कमी आणि जास्त असे दोनच टप्पे असतात आणि लक्ष आपण ठेवायचे असते. यात प्रेशरस्टॅट (ठरलेल्या दाबाला वीज तोडणारा स्विच) बसवता येतो. मी लॅमिंग्टन रोडवरून पीआयडी नियंत्रक (तापमान स्थिर ठेवणारा), के-प्रकारचे थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) आणि २५ अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले (इलेक्ट्रॉनिक स्विच) घेतला, थर्मोकपल बॉयलरच्या बाहेर पाणपातळीखाली पट्ट्याने बांधले आणि बॉयलरच्या आतल्या पाण्याशी आकडा जुळवून घेतला. रिलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवाच. यातला सापळा असा की हा रिले बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ अवस्थेत अडकतो. म्हणून एलिमेंटच्या वायरीत १४० अंशांच्या आसपास तुटणारा आणि हाताने रीसेट करावा लागणारा थर्मोस्टॅट वेगळा जोडा. नियंत्रक कितीही महागडा असला तरी हा थर्मोस्टॅट वगळू नये.

तिसरी सुधारणा खास आपल्या हवेसाठी आहे. ग्रुप थेट बॉयलरला चिकटलेला असल्याने तिसऱ्या कपापर्यंत तो इतका तापतो की कॉफी जळकट लागते. मिलानच्या थंडीत तो दोन कपांच्या मध्ये निवतो, पण मे महिन्यात ३३ अंशांच्या स्वयंपाकघरात निवायला जागाच नसते. ग्रुप आणि बॉयलर यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीची टेफ्लॉनची चकती बसवली की उष्णता सावकाश येते. चकतीच्या जाडीइतके लांब बोल्ट घ्यावे लागतात. ग्रुपवर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावा, आणि तरफ उचलण्याआधी ती ८५ अंशांच्या आसपास असेल असे पाहा. जास्त असेल तर ओले फडके गुंडाळून मिनिटभर थांबा.

१०. पहिला कप

माटुंग्याची चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी मला प्रिय आहे, पण ती या यंत्रात घालू नका. पूड जाड असते, पाणी धो-धो निघून जाते. ताजे भाजलेले दाणे आणि बारीक दळणारी चक्की लागते, आणि चक्कीवर यंत्राइतकाच खर्च करायची तयारी ठेवा. १४ ग्रॅम कॉफी सपाट दाबून बसवा, तरफ वर करा, आठ-दहा सेकंद थांबा, मग सारख्या जोराने खाली आणा. ४९ मिलिमीटर व्यासाच्या टोपलीवर ९ बार दाब म्हणजे सुमारे १७० किलोचा भार, तरफेमुळे तो हाताला पेलतो. तरफ अजिबात हलत नसेल तर लटकू नका, दळण जाड करा. लोण्यातून सुरी जावी तशी खाली आली तर बारीक करा.

कप भरला की पोर्टफिल्टर (कॉफीची टोपली धरणारी मूठ) लगेच फिरवू नका. आत दाब अडकलेला असतो आणि गरम चोथा छतापर्यंत उडतो. आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर तो तपकिरी डाग अजून आहे. अर्धा मिनिट थांबा, मग हळूच एका बाजूला सैल करून फुस्स आवाज येऊ द्या.

रोजचे काम झाले की यंत्र कोमट असतानाच पाणी ओतून टाका आणि टोपण उघडे ठेवा. जून ते सप्टेंबर बैठकीच्या खाली लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून ती ओट्यापासून उचललेली असू द्या, नाहीतर ओट्याच्या ओलीने लोखंडी बैठक खालून गंजते. आणि आठवडाभर गावी जाऊन आलात, तर प्लग लावण्याआधी मेगरची एक फेरी पुन्हा करून घ्या.